तिला म्हणावं

आरती लग्न होऊन वरच्या मळ्यात आली ती एकटी आली नाही. तिच्या मागोमाग अबोलाही उंबरा ओलांडून आत आला. तिची सासू चिमाबाई आणि चुलत सासू ठकूबाई या सख्ख्या जावा. आरतीच्या लग्नाच्या मांडवातच त्या एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या. कारण एक हिरवी साडी.

ही साडी ठकूबाईनंच पूर्वी कधीतरी चिमाबाईला घरभरणीत दिलेली होती. आहेराच्या साड्या पेटीत पडतात, पेटीतून निघतात, पुढच्या लग्नात जातात. त्यात काही पाप नाही. घोडेगाव-मंचरच्या पट्ट्यात निम्म्या साड्यांना नेसणारीच भेटत नाही. फक्त साडीनं गावभर फिरावं, माहेरी परत येऊ नये, एवढाच काय तो नियम. ही मात्र आली. चिमाबाईनं ती मानाची म्हणून ठकूबाईच्या ओटीत घातली आणि पदराच्या कोपऱ्यावरचा शाईचा ठिपका बघून ठकूबाईनं ती ओळखली. तिनं साडी घडी घालून पाटावर ठेवली आणि न जेवता घरी निघून गेली.

आता घरं दोन झाली तरी विहीर एक, विहिरीवरची मोटार एक. भारनियमनाचे दिवस. लाईट येई ती पाहुण्यासारखी, आणि असेल तेवढ्यात दोघींनी आपापले कांदे भिजवून घ्यायचे. म्हणजे दिवसातून दहा वेळा बोलणं आलं. चिमाबाईचा गेणू आणि ठकूबाईचा कुंडलिक हे भाऊ विहिरीच्या थारोळ्यावर बसून एकाच चंचीतली तंबाखू खात. बायकांच्या भांडणात पुरुषांनी पडू नये असं दोघांचं मत होतं, आणि एवढं मत असलं की आणखी काही करावं लागत नाही. आरतीचा नवरा अमृत माळव्याचा, म्हणजे भाजीपाल्याचा टेम्पो घेऊन पहाटेच नारायणगावच्या वाटेला लागे. राहिली कोण, तर आरती.

“आरते,” चिमाबाई वाफ्यात खुरपता खुरपता मान वर न करता म्हणायची, “तिला म्हणावं, मोटार कवाची चालू हाये. आता आमची पाळी. बंद कर म्हणावं.”

आरती खुरपं टाकून बांधाकडं निघायची. ठकूबाईचं रान खाली, उताराला. तिथं हाक पोचे, शब्द पोचत नसत. आरती जाऊन निरोप सांगायची. ठकूबाई कमरेवर हात ठेवून ऐकायची आणि म्हणायची, “तिला म्हणावं, मला घड्याळ कळतं.” मग आरती पुन्हा वर. असं करता करता तिच्या पायाखाली बांधावर पाऊलवाट पडली होती.

आरतीच्या पायाला त्याचं काही नव्हतं. तिच्या डोक्यात दुसराच घोर होता. दहावीला तिचा इंग्रजीचा विषय राहिलेला. लग्नाआधी एकदा राहिला, लग्नानंतर ऑक्टोबरात बसली, पुन्हा राहिला. वस्तीवरच्या अंगणवाडीच्या अंबाबाई आता निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागेला दहावी पास बाई पाहिजे होती, आणि वस्तीवर दहावीपर्यंत पोचलेली सून आरतीशिवाय दुसरी नव्हती. आरतीला ती जागा हवी होती. पोरं तिला आवडत, अंगणवाडीची निळी भिंत आवडे, आणि सगळ्यात आवडे तो तिथला स्टूल. आयुष्यभर मातीत उकिडवं बसणाऱ्या माणसाला स्टुलाची किंमत कळते.

चिमाबाईनं तिला पुन्हा परीक्षेला बसू दिलं होतं, पण अट घालून. “हा मार्च शेवटचा. न्हाई झालं तर पुस्तकं माळ्यावर, आन् पुन्यांदा विषय काढायचा न्हाई.” चिमाबाई शब्द फिरवणाऱ्यातली नव्हती. फिरवली ती एक साडीच.

आरतीचं गाडं अडलं होतं ते शेवटच्या व्याकरणाच्या प्रश्नाशी. धडे तिनं पाठ केले होते, पत्र पाठ केलं होतं. पण इनडायरेक्ट स्पीच आणि पॅसिव्ह व्हॉइस आले की ती पान उलटायची. या दोन्ही गोष्टी तिला शिकवल्या त्या घोडेगावच्या सिद्धीनं. सिद्धी ही पोपटलाल कापडवाल्याची सून, बी. ए. झालेली. परकराचं कापड घ्यायला गेलेल्या आरतीच्या पिशवीत तिला व्याकरणाचं पुस्तक दिसलं आणि गिऱ्हाइकाच्या आधी तिनं पुस्तकच उघडलं. शिकलेलं वापरायला मिळत नाही म्हणून ती बिचारी कापड मोजता मोजता कंटाळली होती. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी आरती मेथीची जुडी घेऊन जायची आणि दोघी दुकानाच्या मागच्या बाजूला, ताग्यांच्या आडोशाला बसायच्या.

“सीता सेड, आय ॲम टायर्ड. आता हे दुसऱ्याला सांग,” सिद्धी म्हणाली.

“सीता सेड दॅट आय ॲम टायर्ड.”

“दमलं कोण? तू का सीता?”

“सीता.”

“मग आय कशाला म्हणतेस? शी वॉज टायर्ड.”

“आवो ताई, आमच्याकडं तसंच म्हणत्यात. ती म्हणली, मी दमले. आता मी दमले म्हंजे ती दमली, हे काय सांगाया लागतं व्हय?”

सिद्धी हसली. “मराठीत नाही लागत. इंग्रजांना लागतं. त्यांना दुसऱ्याचं दमणं आपल्या तोंडात चालत नाही.”

हे आरतीला पटलं. तिनं मनाशी मळ्यातलं उदाहरण घेतलं. काकी म्हणाल्या, मला घड्याळ कळतं. घड्याळ कुणाला कळतं, तर काकींना. शी. बसलं डोक्यात. मग सिद्धीनं हुकमाची वाक्यं काढली. मोटार बंद कर, असं कुणी म्हटलं तर नुसतं सेड चालत नाही. रागानं म्हटलं तर ऑर्डर्ड, गोडीनं म्हटलं तर रिक्वेस्टेड, भल्यासाठी म्हटलं तर ॲडव्हाइज्ड.

“आन् नुसतं वाक्य लिवलेलं असलं, सूर कळला न्हाई, तर?”

“तर सांगणाऱ्यानं ठरवायचं,” सिद्धी म्हणाली.

सिद्धी हे परीक्षेपुरतं म्हणाली होती. आरतीनं ते मळ्यात नेलं. दुसऱ्याच दिवशी चिमाबाई म्हणाली, “त्या भवानीला म्हणावं, गप मोटार बंद कर.” आरती बांधापर्यंत गेली, जरा थांबली आणि म्हणाली, “काकी, आत्यांनी विनंती केलीया. तुमचं भिजवून झालं असंल तर मोटार बंद करा म्हणं.”

ठकूबाई तिच्याकडं बघतच राहिली. “विनंती?”

“व्हय.”

ठकूबाईनं जाऊन मोटारीचं बटण दाबलं. मग तोंड फिरवून म्हणाली, “जळला मेला तो कांदा तिचा. तिला म्हणावं, एवढं पाणी पाजलं तर सडंल.” आरती वर आली आणि चिमाबाईला म्हणाली, “काकींनी सल्ला दिलाय. कांद्याला पाणी बेतानं द्या, न्हाईतर सडंल म्हणं.” चिमाबाईनं खुरपं थांबवलं. खरंच बेतानं दिलं तिनं त्या दिवशी पाणी. आरतीचा अभ्यासही झाला आणि मोटारही वेळेवर बंद व्हायला लागली. एका दगडात दोन पक्षी म्हणतात ते हेच. त्या महिन्यात ठकूबाईनं एकदा न मागता गवारीच्या शेंगा पाठवल्या आणि चिमाबाईनं वाटीतून ताजं लोणी. दोघी एकमेकींबद्दल म्हणायला लागल्या, “एवढी काय वाईट न्हाई ती.” पण बोलल्या मात्र नाहीत. एवढा साठवलेला अबोला असा गवारीवर कोण सोडेल.

फेब्रुवारी संपता संपता सिद्धीनं पॅसिव्ह काढलं.

“बाय म्हणजे हातून,” ती म्हणाली. “द कप वॉज ब्रोकन बाय मी. कप माझ्या हातून फुटला.”

“हे बरंय. हे तर आमी रोजच बोलतो.”

“आणि कुणाच्या हातून ते ठाऊक नसलं, सांगायचं नसलं, तर वाक्य आधीच थांबवायचं. द कप वॉज ब्रोकन. कप फोडला गेला.”

“असं चालतं?”

“सगळ्या सरकारी कचेऱ्या त्याच्यावर चालतात.”

“आमचं घरसुद्धा,” सिद्धीची सासू धापूबाई ताग्यांच्या पलीकडून म्हणाली. दोघी पुस्तकात तोंड घालून हसल्या.

परीक्षा तोंडावर आली. ठकूबाईचा कांदा आगापचा, म्हणजे लवकर लावलेला; तो तिनं काढून पातीसकट वावरातच वाळत घातला होता, ओळीनं. चिमाबाईचा मागास, त्याला अजून एक पाणी पाहिजे होतं. त्या दिवशी लाईट सकाळीच आली आणि दारं धरायला आरती गेली. दारं धरायचं म्हणजे फावडं घेऊन पाटाशी उभं राहायचं. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्याचं उघडायचं. काम हलकं, पण लक्ष हवं. आरतीचे हात फावड्यावर होते आणि लक्ष पॅसिव्हवर. तिनं अख्ख्या मळ्याला कामाला लावलं.

“अमृत ड्राइव्ज द टेम्पो. द टेम्पो इज ड्रिव्हन बाय अमृत. आय मिल्क द काऊ. द काऊ इज मिल्क्ड बाय मी.” जमतंय म्हटल्यावर तिला चेव आला. सासऱ्यांची तंबाखू झाली, आत्यांची भाकरी झाली, धापूबाईंचा चहा झाला. ऊन पाठीवर बरं वाटत होतं, पाय गार चिखलात होते. ती डोळे मिटून मोठ्यानं म्हणाली, “द अनियन्स आर वॉटर्ड बाय मी.”

कांदे भिजत होते ही गोष्ट खरी. पण ते ठकूबाईचे होते. वाफा केव्हाच भरून वाहिला होता, बांधाच्या कडेला उंदरानं पाडलेल्या बिळात पाणी घुसलं होतं आणि बांधाचं एक ढेकूळ घेऊन ते खालच्या वावरात उतरलं होतं. ठकूबाईची हाक आली तेव्हा आरतीनं डोळे उघडले.

तिनं फावडं टाकलं आणि ती उतारावरून धावली. वाळत घातलेल्या कांद्याच्या ओळींत पाणी शिरत होतं, पाती तरंगत होत्या. काढलेल्या कांद्याला पाणी लागलं की तो गेला, हे पोरालाही कळतं. ठकूबाई पदर खोचून कांदे उचलत होती. आरतीनं ओंजळीओंजळीनं कांदे बांधावर टाकायला सुरुवात केली. कुंडलिकनं मोटार बंद केली, गेणूनं पाटाला माती लावली. चिमाबाई वरून आली, क्षणभर बांधावर थबकली आणि मग तीही खाली उतरली. कुणी कुणाशी बोललं नाही. पाचही माणसं गुडघाभर चिखलात वाकून कांदा उचलत राहिली. नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेवटी एका कोपऱ्यातला कांदा तेवढा भिजला, बाकीचा बांधावर आला.

मग ठकूबाई ताठ उभी राहिली. तिच्या कोपरापर्यंत चिखल होता.

“आरते, तिला इचार. हे पाणी मुद्दाम सोडलं का न्हाई?”

चिमाबाई चार हातांवर उभी. आता शब्द न् शब्द ऐकू येत होता, तरी तिनं आरतीकडंच बघितलं. “तिला म्हणावं, आमी पाण्यानं सूड घेणारी माणसं न्हाई. माझी सून दारं धरून व्हती. तिचं लक्ष कंदी चुकत न्हाई. त्यांच्याच बांधाला बिळं हायेत म्हणावं.”

दोघी आरतीकडं बघत राहिल्या. आरतीच्या हातात दोन ओले कांदे होते. बांध फुटला, असं म्हणता येत होतं. पाणी सोडलं गेलं, असंही म्हणता येत होतं. दोन्ही वाक्यं व्याकरणात बसत होती आणि दोन्हींत आरती नव्हती. सासू आपल्यासाठी छातीठोक बोलली याचं तिला बरं वाटलं आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. खरं सांगितलं की पुस्तकं माळ्यावर जाणार, अंगणवाडी जाणार, तो स्टूल जाणार, हे तिला दिसत होतं. न सांगितलं तर या दोघी जन्मात बोलणार नाहीत, हेही दिसत होतं.

“माझ्या हातून झालं,” ती म्हणाली. “काकी, आत्यांनी न्हाई सोडलं. आत्या, बिळाचं काय न्हाई. वाफा कवाच भरला व्हता. माझं ध्यान पुस्तकात व्हतं. डोळं मिटून पाठ करत व्हते मी.”

“डोळं मिटून?” चिमाबाई म्हणाली.

“डोळं मिटून दारं धरती तुमची सून,” ठकूबाई म्हणाली.

“आगं, गावात कुणी आंधळ्यानं तरी धरलं असतं का असं?”

“आन् माझा कांदा बुडीवला.”

“तुझाच का, बांध बी गेला आपला. ठके, हिला काय म्हणावं आता?”

“आक्का, तुमी लाडावून ठेवलीया.”

गेणूनं उचललेला कांदा तसाच हातात धरला. कुंडलिक तंबाखूची चंची काढता काढता थांबला. आरती मान खाली घालून दोन्हीकडचा मार खात होती, आणि तिच्या डोक्यावरून दोघी जावा थेट एकमेकींशी बोलत होत्या. हे त्यांच्या त्यांनाही जरा उशिरानं कळलं. कळलं तशी ठकूबाईनं खोचलेला पदर उगाच सोडून पुन्हा खोचला.

मग ठकूबाईला एकदम काही आठवलं. “पण आक्का, मोटार बंद कराया तुमी विनंती केली व्हती तवा माझं मन पाघळलं व्हतं. आन् आज हे.”

“कंची विनंती?”

“रोजच की. आत्यांनी विनंती केलीया, म्हणायची ही.”

चिमाबाईनं आरतीकडं बघितलं. “मी भवानी म्हणलं व्हतं.”

“मला?”

“व्हय. तुलाच. आन् तू मला सल्ला दिला व्हतास ना, पाणी बेतानं दे म्हणून?”

“मी म्हणलं, जळला मेला तो कांदा.”

आरतीला वाटलं, आता पायाखालचा चिखल आपल्याला आत घेईल तर बरं. “तसा धडाच हाये,” ती पुटपुटली. “कुणी काय म्हणलं ते सांगताना सूर सांगणाऱ्यानं ठरवायचा.”

आधी कुंडलिक हसला. मग ठकूबाई, मग चिमाबाई. हसता हसता चिमाबाई बांधावर बसली आणि तिनं चिखलाच्या हातानंच डोळे पुसले. कांद्यानं ते आधीच लाल झाले होते. मग ती हातातल्या कांद्याची पात पिळायला लागली.

“ठके,” ती म्हणाली, “ती साडी पण माझ्याच हातनं गेली. लोक म्हणले आहेराचं गठुडं बदललं, तेच मी धरून बसले. बदललं न्हाई. मीच पेटीतनं काढली, कुणाची ते न बघता. लग्नाची घाई व्हती. तुझ्या ओटीत घातली आन् तुझं तोंड बघितलं तवा कळलं.”

ठकूबाई खाली वाकली. तिनं ओला कांदा उचलला, पात मोडली आणि बांधावर जरा उन्हाच्या बाजूला ठेवला. “ठिपका मीच पाडला व्हता,” ती म्हणाली. “म्हणून तर तुमाला दिली व्हती.” यावर पुन्हा हसू झालं, पण हे हळू होतं.

आता पुस्तकांचं काय, हे विचारायची आरतीची हिंमत नव्हती. ते ठकूबाईनंच काढलं. “आक्का, परीक्षा होस्तोर हिच्या हातात फावडं देऊ नका. तुमची दारं मी धरते. ही दारं धरणार आन् माझा राहिलेला कांदा बुडवणार.”

“मग ही काय करंल?”

“वाचंल डोळं उघडून. माझं भिजलेलं फुकट जाऊ देऊ नको म्हणावं.”

“तिला तूच म्हण की, समोर उभी हाये,” चिमाबाई म्हणाली.

त्या दिवसापासून आरती पडवीत बसून वाचायला लागली आणि खालच्या वावरातून दोन जावांचं बोलणं वर ऐकू येऊ लागलं. इतक्या दिवसांचं तुंबलेलं, ते काही लवकर संपणारं नव्हतं. अभ्यासाला त्याचा त्रासच झाला, पण ती कुणाला काही म्हणाली नाही. परीक्षेच्या पेपरात वाक्य आलं, कुणीतरी फाटक उघडं टाकलं आहे, याचं पॅसिव्ह करा. आरतीनं ते केलं, बाय समवन लिहायची गरज नाही हेही तिला आठवलं, आणि तिला आपलं हसू आलं. वर्गावरच्या सरांनी तिच्याकडं संशयानं पाहिलं.

जूनमध्ये निकाल लागला. अमृतनं टेम्पो रस्त्यातच उभा करून वरूनच ओरडून सांगितलं, आरती पास. इंग्रजीत अगदी काठावर नाही, काठाच्या चांगली आत. आरती तेव्हा कांदे साठवायच्या चाळीत होती. ती बाहेर आली, काही सुचेना म्हणून चुलीवर चहा ठेवायला गेली आणि चहा उतू गेला तरी बघत उभी राहिली. सिद्धीला सांगायला उद्याच घोडेगावला जायचं, एवढं मात्र तिनं पक्कं ठरवलं.

दुपारी एसटीच्या थांब्यावरून वस्तीवरची कुशाबाई येऊन बातमी देऊन गेली. ठकूबाई रानात परतेपर्यंत तिथं येईल त्याला पेढा देत होती आणि सांगत होती, “आमची आरती पास झाली. माझ्या हातनं झाली. दारं मी धरली म्हणून.”

चिमाबाईनं ते ऐकलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. “तिच्या हातनं? आन् मी पुस्तकं माळ्यावर टाकली न्हाई ते काय? सकाळी उठवून चहा कुणी दिला?” ती आरतीकडं वळली. “आरते, जा. तिला म्हणावं, पोरगी माझ्या हातनं पास झाली.”

आरतीनं चहाची दोन भांडी भरली आणि दोन्ही तिच्या हातात दिली.

“आत्या, माझा पेपर झाला. आता तुमीच म्हणा.”

चिमाबाई क्षणभर भांड्यांकडं बघत राहिली. मग पदर खोचून, चहा न सांडता, ती आरतीच्या पायांनी पडलेल्या वाटेनं बांधाकडं चालू लागली. निम्म्यात गेल्यावर तिचा आवाज आला, “ठके, ए ठके.”